काप सारखे, तर घनफळ सारखं : नववी-दहावीच्या भूमितीतले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नववीच्या भूमितीत 'पृष्ठफळ व घनफळ' हा शेवटचा धडा, दहावीत 'महत्त्वमापन' हाही शेवटचाच. शेवटचा म्हणजे घाईतला. सूत्रं फळ्यावर येतात, वहीत उतरतात, पाठ होतात, आणि शंकूत एक तृतीयांश कुठून आला हे विचारायचं राहून जातं. कोल्हापुरात इतकी वर्षं हे धडे शिकवताना मुलांनी, आणि बऱ्याचदा त्यांच्या पालकांनी, विचारलेले प्रश्न इथे मांडले आहेत. माझं मत आधीच सांगतो: घनफळ काढण्याआधी दोन घनाकृतींची तुलना करायला शिकावं. तुलना जमली की सूत्रं आपोआप पदरात पडतात.

छेद म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड येतो. अख्खा ब्रेड ही घनाकृती. सुरी जिथून फिरली तिथे जो सपाट चेहरा दिसतो तो छेद. सुरी कशी धरली यावर छेदाचा आकार ठरतो. काकडी सरळ कापली तर गोल चकती, तिरकी कापली तर लंबगोल. म्हणून या पानावर 'छेद' म्हटलं की तळाला समांतर घेतलेला काप असंच समजा. वेगळा असेल तिथे तसं सांगेन.

मूळ तत्त्व एका वाक्यात सांगता येईल का?

दोन घनाकृती एकाच सपाट टेबलावर ठेवल्या, दोघींची उंची सारखी आहे, आणि टेबलापासून कुठल्याही उंचीवर आडवा काप घेतला तरी दोघींच्या कापांची क्षेत्रफळं सारखीच येतात, तर त्यांची घनफळं सारखी असतात.

यातला 'कुठल्याही' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. तळाशी जुळलं, वरच्या टोकाला जुळलं, मध्ये नाही जुळलं, तर तत्त्व लागू नाही. आणि कापांचे आकार सारखे असण्याची गरज नाही. एकीकडे वर्तुळ, दुसरीकडे चौरस किंवा कडं असलं तरी चालतं. क्षेत्रफळ तेवढंच हवं.

तिरका कललेला गठ्ठा आणि सरळ गठ्ठा यांचं घनफळ एकच कसं?

वह्यांचा गठ्ठा टेबलावर सरळ ठेवा. मग बाजूने हाताने हलकेच ढकला, म्हणजे तो कलेल. एकही वही वाढली नाही, एकही कमी झाली नाही. गठ्ठ्याने व्यापलेली जागा तेवढीच राहिली. सरळ वृत्तचिती (म्हणजे सिलिंडर) आणि तिरकी वृत्तचिती यांचं नातं हेच.

बदललं ते पृष्ठफळ. कललेल्या गठ्ठ्याच्या बाजूवर कागद चिकटवायचा झाला तर जास्त लागेल. त्यामुळे 'काप सारखे म्हणून पृष्ठफळ सारखं' असं कधीही लिहू नका. हे तत्त्व घनफळापुरतंच आहे.

सूत्रात उंची कोणती घ्यायची, तिरकस की लंब?

लंब. गठ्ठा कितीही कलला तरी टेबलापासून वरच्या वहीपर्यंतचं सरळ उभं अंतर. शंकूची तिरकस उंची वक्रपृष्ठफळाच्या सूत्रासाठी, घनफळासाठी नाही. दहावीच्या पेपरात मुलांचे सर्वाधिक गुण मी इथेच जाताना पाहिले आहेत.

तळ सारखा आणि उंची सारखी, एवढं पुरे नाही का?

नाही. १० सेंमी त्रिज्येचा अर्धगोल घ्या. त्याची उंचीही १० सेंमी. आता १० सेंमी त्रिज्येची आणि १० सेंमी उंचीची वृत्तचिती घ्या, आणि याच मापाचा शंकू. तिघांचे तळ अगदी सारखे, उंची सारखी, पण घनफळांचं गुणोत्तर शंकू : अर्धगोल : वृत्तचिती = १ : २ : ३. इतकं सुंदर गुणोत्तर भूमितीत फार थोड्या ठिकाणी मिळतं. ते कुठून आलं ते पुढे येईलच.

कापांची परिमिती सारखी असेल तर?

उपयोग नाही. १० सेंमी बाजूचा चौरस आणि १५ × ५ चा आयत, दोघांची परिमिती ४० सेंमी. क्षेत्रफळं मात्र १०० आणि ७५ चौसेंमी.

शंकूत आणि सूचीत (म्हणजे पिरॅमिडमध्ये) 'एक तृतीयांश' का येतो? वाळू ओतून दाखवलं, पण पटलं नाही.

पटलं नाही हे बरंच झालं. तीन शंकू वाळूने एक वृत्तचिती भरते हा प्रयोग जरूर करावा, पण ती खात्री झाली, कारण नव्हे. कारण पाहायचं तर आधी गोल आकार बाजूला ठेवा आणि घन घ्या.

घनाकृती खोलीत उभे आहात असं समजा. छताचा एक कोपरा निवडा. खोलीला सहा बाजू आहेत: चार भिंती, जमीन, छत. त्यातल्या तीन बाजू या कोपऱ्याला टेकतात. उरलेल्या तीन, म्हणजे जमीन आणि समोरच्या दोन भिंती, टेकत नाहीत. या प्रत्येक न टेकणाऱ्या बाजूच्या चार कोपऱ्यांपासून आपल्या कोपऱ्यापर्यंत सुतळ्या ताणल्या की एक सूची तयार होते. अशा तीन सूची. तिन्ही हुबेहूब सारख्या, आणि तिघी मिळून अख्खी खोली भरतात, मध्ये फट राहत नाही. मग प्रत्येकीचं घनफळ खोलीच्या एक तृतीयांश. जाड पुठ्ठ्याच्या तीन सूची करून त्यांचा घन जुळवायला मी प्रत्येक वर्गाला लावतो. तिसरी सूची खटकन बसते तेव्हा मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

पण ही सूची तिरकी आहे, तिचं टोक एका कोपऱ्यावर आहे. आपल्याला हवा सरळ शंकू. इथे काप कामाला येतात. टोक असलेल्या कुठल्याही आकृतीत, म्हणजे सूची असो वा शंकू, अर्ध्या उंचीवरच्या कापाची प्रत्येक लांबी तळाच्या निम्मी होते, म्हणून क्षेत्रफळ पावपट. टोकापासून एक तृतीयांश अंतरावर ते नवव्या भागाइतकं. हे तळाच्या आकारावर अवलंबून नाही आणि टोक कुठे सरकलंय यावरही नाही. म्हणजे तळाचं क्षेत्रफळ आणि उंची सारखी असेल तर शंकूचे आणि सूचीचे काप प्रत्येक उंचीवर जुळतात. घनफळही जुळलं. खोलीची उंची आणि तळ यांचं प्रमाण वेगळं असेल तर सगळं त्या प्रमाणात ताणलं जातं, एक तृतीयांश तसाच राहतो.

ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये सूचीचं घनफळ समखाताच्या (तोच तळ आणि तीच खोली असलेल्या सरळ खड्ड्याच्या) एक तृतीयांश असतं असं स्वच्छ सांगितलं आहे. त्याच्या आधी, इ.स. ४९९ च्या आर्यभटीयात त्रिकोणी सूचीसाठी निम्म्याचा नियम आहे, आणि तो चूक आहे. हे मी वर्गात मुद्दाम सांगतो. आर्यभटासारख्या माणसालाही जे निसटलं ते नववीतल्या मुलाला पहिल्या फटक्यात कळलं नाही तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

त्रिकोणाचं क्षेत्रफळ कापून-जोडून दाखवता येतं. सूचीचं का नाही? कापांची भानगड कशाला?

नववीतल्या एका मुलीने हा प्रश्न विचारला होता, आणि तो मला आजवर मिळालेला सर्वांत चांगला प्रश्न आहे. सपाट आकृतींत सारख्या क्षेत्रफळाच्या कुठल्याही दोन बहुभुजाकृती घ्या, एकीचे सरळ तुकडे करून दुसरी जुळवता येते. घनाकृतींत हे नेहमी जमतं का, हे १९०० साली जर्मन गणिती हिल्बर्टने आपल्या प्रसिद्ध प्रश्नांच्या यादीत विचारलं. त्याचाच विद्यार्थी मॅक्स डेन याने उत्तर दिलं: नाही. सारखा तळ आणि सारखी उंची असलेल्या अशा त्रिकोणी सूची आहेत की त्यांची घनफळं समान, तरी एकीचे मोजके सपाट तुकडे करून दुसरी कधीच जुळणार नाही. म्हणजे सूचीच्या बाबतीत बारीक कापांचा आधार घ्यावाच लागतो.

काप अगदी पातळ असेल तर त्याची जाडी शून्य. शून्यांची बेरीज घनफळ कशी होईल?

जाडी शून्य धरायचीच नाही. १० सेंमी त्रिज्येचा, १० सेंमी उंचीचा शंकू घ्या आणि त्याला एक-एक सेंमी जाडीच्या चकत्यांनी बाहेरून वेढा. चकत्यांच्या त्रिज्या १, २, ३ … १०. घनफळांची बेरीज ३८५ पाय घसेंमी. (पाय म्हणजे परिघ आणि व्यासाचं गुणोत्तर, २२/७ च्या जवळपास.) आता शंकूच्या आत मावणाऱ्या चकत्या घ्या: त्रिज्या ० ते ९, बेरीज २८५ पाय. खरं घनफळ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. चकत्या मिलिमीटरच्या केल्या की बाहेरची बेरीज ३३८.३५ पाय आणि आतली ३२८.३५ पाय. फरक १०० वरून १० वर आला, कारण फरक म्हणजे नेहमी तळाची एकच चकती. ती हवी तेवढी पातळ करता येते. दोघींच्या चिमट्यात सापडणारी संख्या एकच, ३३३.३३… पाय, म्हणजे १००० पायचा तिसरा भाग.

दोन घनाकृतींचे काप जुळत असतील तर दोघींनाही हाच चिमटा लागतो, म्हणून घनफळ जुळतं. बारावीत संकलन (इंटिग्रेशन) शिकाल तेव्हा हाच चिमटा पुन्हा भेटेल.

गोलाचं सूत्र कापांवरून कसं येतं?

वर्षभरात मला सगळ्यात आवडणारा तास हाच. म्हणून थोडं सविस्तर.

१० सेंमी त्रिज्येचा अर्धगोल टेबलावर पालथा ठेवा. शेजारी १० त्रिज्या, १० उंचीची वृत्तचिती ठेवा, पण तिच्यातून एक शंकू कोरून काढलेला. शंकूचं टोक खाली टेबलावर मध्यभागी, तोंड वर, वृत्तचितीच्या काठापर्यंत. म्हणजे वरून पाहिलं तर गाळणीसारखा खड्डा.

आता ६ सेंमी उंचीवर काप घ्या. अर्धगोलात वर्तुळ मिळेल. पायथागोरस सांगतो की त्याची त्रिज्या ८, कारण ६, ८, १०. क्षेत्रफळ ६४ पाय. कोरलेल्या वृत्तचितीत कडं मिळेल: बाहेरची त्रिज्या १०, आतल्या भोकाची ६, कारण या शंकूची त्रिज्या आणि उंची सारखीच वाढते. क्षेत्रफळ १०० पाय वजा ३६ पाय. ६४ पाय!

८ सेंमीवर घ्या. वर्तुळ ३६ पाय, कडं १०० वजा ६४, ३६ पाय. कुठल्याही उंचीवर एकीकडे 'त्रिज्येचा वर्ग वजा उंचीचा वर्ग', दुसरीकडेही तेच. काप जुळले. मग अर्धगोल म्हणजे वृत्तचिती वजा शंकू, तीन भागांतून एक भाग गेला, दोन उरले. १ : २ : ३ इथून आलं. अख्खा गोल त्याच्या दुप्पट: चार तृतीयांश पाय, गुणिले त्रिज्येचा घन.

हे नुसतं फळ्यावर ठेवायचं नव्हतं, म्हणून उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या काकांकडून दोन्ही आकार पोलादात करून घेतले. त्रिज्या ३ सेंमी. घनफळ १८ पाय, म्हणजे साधारण ५६.५ घसेंमी. पोलाद घसेंमीला ७.८५ ग्रॅम, म्हणून वजन ४४४ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. तराजूवर एक भरला ४४१, दुसरा ४४६. काकांनी दोन्ही तुकडे हातात तोलले आणि म्हणाले, "सर, हे आम्ही रोज करतोय की! ओतायच्या आधी लोखंड किती लागणार ते असंच वजाबाकी करून काढतो." कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत पॅटर्न (ओतकामाचा बाहेरचा नमुना) आणि कोअर (आतली पोकळी राखणारा गाभा) यांचा हिशोब बघितलेल्या मुलाला 'वृत्तचिती वजा शंकू' वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

कापांचं हे तत्त्व शोधलं कुणी?

एकाने नाही. युरोपात हे बोनाव्हेंतुरा कॅव्हालिएरी या इटालियन गणितीच्या नावाने ओळखलं जातं. तो बोलोन्याला शिकवत होता आणि त्याचा ग्रंथ १६३५ साली आला. पण चीनमध्ये झू गंगझी याने सुमारे हजार वर्षं आधी हेच तत्त्व मांडून गोलाचं घनफळ काढलं होतं. त्याच्याही आधी आर्किमिडीजने गोलाचे, शंकूचे आणि वृत्तचितीचे काप कल्पनेतल्या तराजूवर तोलून उत्तर शोधलं. त्याची ती पद्धत सांगणारी प्रत १९०६ साली इस्तंबूलमध्ये सापडली. प्रार्थनेच्या पुस्तकासाठी खरवडून पुन्हा वापरलेल्या चामड्याच्या पानांवर ती होती. गोल आणि त्याला वेढणारी वृत्तचिती यांचं २ : ३ हे गुणोत्तर त्याला इतकं प्रिय होतं की ती आकृती त्याच्या थडग्यावर कोरली होती.

आपल्याकडे भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) गोलाचं पृष्ठफळ गुणिले व्यास भागिले ६ असा घनफळाचा अचूक नियम आहे. १० त्रिज्येवर करून बघा: ४०० पाय × २० ÷ ६. जुळतं.

काप आडवेच का? उभे, अक्षातून घेतले तर?

समांतर असतील तर उभेही चालतात. अक्षाभोवती फिरवलेले चालत नाहीत. वृत्तचितीचा अक्षापासून काठापर्यंतचा उभा आयत घ्या आणि तो परिघाएवढा फिरला म्हणून क्षेत्रफळ गुणिले परिघ करा. उत्तर बरोबर दुप्पट येतं. कारण फिरवलेला काप लिंबाच्या फोडीसारखा: बाहेर जाड, आत धारदार. समांतर कापांची जाडी सगळीकडे सारखी असते, म्हणूनच ते विश्वासाचे.

काप समान नाहीत, पण नेहमी एकाच प्रमाणात आहेत. मग?

मग घनफळंही त्याच प्रमाणात. दोन सारखे पाइप काटकोनात एकमेकांतून गेले तर दोघांत सामाईक असलेल्या भागाचा प्रत्येक काप चौरस असतो, आणि त्यात बरोबर बसणाऱ्या गोलाचा काप म्हणजे त्या चौरसात बसणारं वर्तुळ. चौरस : वर्तुळ = ४ : पाय. म्हणून त्या भागाचं घनफळ गोलाच्या ४/पाय पट, म्हणजे त्रिज्येच्या घनाच्या १६/३ पट. उत्तरात पाय उरतच नाही! झू गंगझी याच वाटेने गोलापर्यंत पोचला होता.

भोक पाडलेल्या मण्याचं कोडं खरं आहे का?

खरं आहे. गुजरीतल्या सोनाराकडे कोल्हापुरी साजाचे मणी पाहा. ते भरीव सोन्याचे आणि अगदी गोलाकार आहेत असं धरा. गोलाच्या मधोमध आरपार भोक पाडल्यावर मण्याची भोकाच्या दिशेने उरलेली लांबी ६ मिमी. आता मूळ गोल हरभऱ्याएवढा होता की नारळाएवढा, याने उरलेल्या सोन्यात काहीही फरक पडत नाही! मोठ्या गोलात भोकही तेवढं मोठं पाडावं लागतं आणि उरतं ते पातळ कडं. मध्यापासून कुठल्याही अंतरावर कड्याचं क्षेत्रफळ 'अर्ध्या लांबीचा वर्ग वजा त्या अंतराचा वर्ग' गुणिले पाय येतं, त्यात गोलाची त्रिज्या कुठेच नाही. म्हणजे घनफळ ६ मिमी व्यासाच्या भरीव गोलाएवढं: ३६ पाय, साधारण ११३ घमिमी. शुद्ध सोनं असेल तर सव्वादोन ग्रॅमला थोडं कमी.

दुधाचा ग्लास अर्ध्या उंचीपर्यंत भरला म्हणजे अर्धं दूध का?

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर हे विचारून बघा. तोंडाची त्रिज्या ४ सेंमी, तळाची ३, उंची १२ असा ग्लास म्हणजे शंकूछेद, टोक कापलेला शंकू. पूर्ण भरला तर १४८ पाय, ४६५ मिलि. सहा सेंमीपर्यंत भरला तर ६३.५ पाय, २०० मिलि. अर्धं नव्हे, ४३ टक्के. वरचे काप मोठे, खालचे लहान, एवढंच कारण. गुळाच्या उतरत्या रव्याला (ढेपेला) निम्म्या उंचीवर सुरी लावली तरी हेच.

शेततळ्याचं पाणी मोजायला सोपी रीत आहे का?

आहे, आणि ती शाळेत शिकवायला हवी होती. वरच्या, मधल्या आणि तळाच्या कापाचं क्षेत्रफळ घ्या. मधल्याला चारने गुणा, तिन्ही मिळवा, सहाने भागा, खोलीने गुणा. वर २० × २० मीटर, तळ १४ × १४, खोली ३ मीटर असं तळं घेऊ. मधला काप १७ × १७. म्हणजे ४०० + ११५६ + १९६ = १७५२, भागिले ६, गुणिले ३: ८७६ घनमीटर. पाणी ८ लाख ७६ हजार लिटर.

नुसती वरची आणि खालची सरासरी घेतली तर ८९४ येतात. १८ हजार लिटर पाणी कागदावरच वाढलं. मधला काप टाळू नका.

हे सगळं पेपरात लिहायचं का?

नाही. पेपरात सूत्र, किंमत, एकक. पण सूत्र विसरलात तर वृत्तचितीतून शंकू वजा करा, अर्ध्या मिनिटात परत मिळेल.

पंचगंगेचं 'एक फूट पाणी' हे नेहमी तेवढंच पाणी असतं का?

जुलै-ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याची पातळी घरोघरी तोंडपाठ असते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. मुलं विचारतात, ३० वरून ३१ आणि ४२ वरून ४३, दोन्ही एकच फूट ना? उंची एकच. पण एक फूट पाणी म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाएवढा आडवा काप, एक फूट जाडीचा. नदी पात्रात असते तेव्हा तो काप अरुंद, काठ सोडून उसात आणि वस्त्यांत शिरली की तो कित्येक पटींनी पसरतो. एका हेक्टरवर एक फूट पाणी म्हणजे ३०४८ घनमीटर, तीस लाख लिटरच्या वर. नदी वाहती असल्याने खरा हिशोब तळ्यासारखा सरळ नसतो, तरी ही गोष्ट बदलत नाही: पातळी हळू चढायला लागली म्हणजे पाणी कमी येतंय असं नाही, काप रुंद झालेला असतो. २०१९ च्या पुरानंतर शाळा उघडली तेव्हा पहिल्याच तासाला मी फळ्यावर नदीचा उभा छेद काढला, आणि ३०, ३९ आणि ४३ फुटांवर तीन आडव्या रेघा ओढल्या. तिसरी रेघ फळ्यावर मावली नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, ती रेघ आमच्या घरापर्यंत येत्या."